आधी मनाला विचारा

माझ्या नणंदेला, म्हणजे आमच्या वन्संना, कोणी ‘कशा आहात?’ असं विचारलेलं खपत नाही. ‘दिसते तशी आहे,’ असं उत्तर मिळतं आणि विचारणारा पुन्हा त्या वाटेला जात नाही. घरी मी त्यांची भावजय, आणि ऑफिसात त्यांच्या शेजारच्या खोलीत बसणारी ग्रंथपाल. म्हणजे दिवसा त्यांचा आवाज भिंतीपलीकडून आणि संध्याकाळी वरच्या मजल्यावरून. माझ्यापेक्षा जास्त तो आवाज फक्त एकाच माणसाने ऐकलाय, त्यांच्या यजमानांनी. आणि ते हल्ली बोलतच नाहीत.

वन्सं आमच्या संशोधन संस्थेचा मोठा कॉम्प्युटर सांभाळतात. मोठा म्हणजे आकाराने नव्हे, तो एका कपाटात मावतो. पण संस्थेतले सगळे विभाग आपापल्या टेबलावरून त्या एकाच मशीनवर काम करतात. प्रत्येकाचं अकाउंट वेगळं, पासवर्ड वेगळा, आणि प्रत्येकाची ठाम समजूत की मशीन आपल्या एकट्यासाठी घेतलंय. आपल्या अकाउंटमध्ये ज्याने त्याने हवा तो पसारा घालावा, पण सगळ्यांच्या वापराच्या जागेत काही नवीन टाकायचं तर ते वन्संनीच. त्यांच्याकडे एक वेगळं अकाउंट आहे, ज्याला मशीन कशालाच नाही म्हणत नाही. त्याचा पासवर्ड मागायला मोठमोठी माणसं येऊन गेली. येतात तेव्हा खुर्ची ओढून ऐसपैस बसतात आणि जाताना खुर्ची गुपचूप जागेवर लावून जातात.

त्यांच्या दारावर त्यांच्याच अक्षरात पाटी आहे: ‘आधी मनाला विचारा.’ नवख्याला वाटतं, बाई अध्यात्मातल्या दिसतात. छे, कसलं अध्यात्म. मशीनवरच्या कुठल्याही टूलची, म्हणजे ठरावीक काम करणाऱ्या प्रोग्रॅमची, माहिती हवी असली की इंग्रजी एम, ए, एन ही तीन अक्षरं टाइप करायची आणि पुढे त्या टूलचं नाव लिहायचं. मग त्याचं माहितीपुस्तक स्क्रीनवर उघडतं. बाकीचे लोक त्याला मॅन म्हणत असतील, आमच्या संस्थेत पहिल्या दिवसापासून ते मन झालं. ‘मॅडम, हे चालत नाहीये,’ असं म्हणत कोणी आलं की आतून ठरलेला प्रश्न: ‘मनाला विचारलंत?’ बहुतेकांनी विचारलेलं नसतं. मग पुढची दहा मिनिटं मला ग्रंथालयात काम करता येत नाही.

त्यांचे यजमान रस्तेबांधणीत ओव्हरसियर होते. निवृत्त झाले तरी गल्ली त्यांना ओव्हरसियरच म्हणते. सकाळी जाडजूड बूट घालून बाहेर पडायचे ते दिवेलागणीला धुळीने माखून परत यायचे, आणि जिना चढताचढताच दिवसभराच्या गमती सांगायला लागायचे. खालच्या मजल्यावर आमचीही फुकटात करमणूक व्हायची. निवृत्तीनंतर पहिले काही दिवस बरे गेले. मग गमती बंद झाल्या, मग जेवण कमी झालं. आता खिडकीजवळच्या खुर्चीत रस्त्याकडे बघत बसतात. काही विचारा, ‘ठीक आहे.’ एवढंच. एक मात्र सुटलेलं नाही. रोज सकाळी ते बूट पॉलिश करतात आणि दारात, अगदी मधोमध आणून ठेवतात. बाहेर जात नाहीत. वन्सं रोज त्या बुटांना अडखळतात आणि रोज तणतणत जिना उतरतात.

डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या आणि सांगितलं, शरीरात काही बिघाड नाही. माणूस आतून खचत चाललाय. त्यांना एकटं ठेवू नका, त्यांच्याशी बोला, हे असंच चालू राहिलं तर अवघड आहे. वन्संची लेक परगावाहून मला फोन करून रडली. ‘मामी, तू तरी आईला सांग. बाबा फोनवर नुसते हं हं करतात गं.’

मी सांगितलं. वन्सं म्हणाल्या, ‘बोलते की मी. गोळी घेतली का विचारते, जेवलात का विचारते. उत्तर येतं का? आणि आता नवीन मशीन आलंय. ते एकदा लागू दे, मग रजाच रजा.’

मला त्यांचा संताप आला. पण नणंदेवर संतापून भावजयीचं कधी भलं झालंय?

नवीन मशीन म्हणजे नुसत्या भिंतींचं घर, आत चमचासुद्धा नाही. एकेक टूल आणून बसवायचं. त्यातही एक टूल मागवावं तर ते म्हणणार, माझ्याबरोबर हे तिघं लागतील. त्या तिघांतल्या एकाचं दुसऱ्याशी पटत नाही. मग सगळं काढा आणि पुन्हा पहिल्यापासून लावा. वन्संनी क्रम ठरवला होता. आधी मशीन सांभाळायची टूल्स, म्हणजे बॅकअप, नोंदी, माहितीपुस्तकं. आणि मग विभागांना लागणारी, म्हणजे त्यांनी लिहिलेले प्रोग्रॅम मशीनला समजतील असे करून देणारे कंपायलर वगैरे.

हा क्रम दोन दिवसही टिकला नाही. संख्याशास्त्रवाल्यांना कंपायलर जुनाच हवा होता, कारण त्यांचा प्रोग्रॅम कधीकाळी कोणी लिहिला ते कोणालाच ठाऊक नव्हतं आणि नव्या कंपायलरला तो चालेना. पाण्याचा अभ्यास करणाऱ्यांना सगळ्यात नवाच हवा होता. का, ते त्यांनाही सांगता आलं नाही. संचालकांचा फोन आला, ‘आधी लोकांचं बघा हो, तुमचं काय, नंतर होईल.’ वन्संनी फोन ठेवला आणि भिंतीपलीकडून मी ऐकलं, ‘तुमचं काय, नंतर होईल.’ असं त्या स्वतःशीच दोनदा म्हणाल्या. माहितीपुस्तकं यादीत शेवटी गेली.

या सगळ्यांपेक्षा त्यांना जास्त छळलं ते मानसशास्त्राच्या सरांनी. बाकीचे निदान भांडायचे तरी. हे सर भांडत नाहीत. दारात उभे राहतात आणि मऊ आवाजात म्हणतात, ‘दमलेल्या दिसता.’ वन्संच्या अंगाचा तिळपापड होतो. सरांनी नोकरदारांवरच्या ताणाचा अभ्यास करण्यासाठी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला होता आणि तो सगळ्यांना वापरता येईल अशा जागी त्यांना ठेवायचा होता. रोज येऊन दमलेल्या दिसता, दमलेल्या दिसता. शेवटी ब्याद टळावी म्हणून वन्संनी, जन्मात कोणाला दिली नव्हती ती परवानगी त्यांना दिली. एका दुपारपुरती त्या जागेत प्रोग्रॅम ठेवायची मुभा. ‘ठेवा तुमचं काय ते आणि मला मोकळं करा,’ असं म्हणाल्या.

दुसऱ्या दिवसापासून नवीन मशीन वापरून बघायला बसलेली माणसं विचित्र तक्रारी घेऊन यायला लागली. संख्याशास्त्रातला एक जण म्हणाला, ‘मॅडम, नवीन मशीन जरा जास्तच चौकशी करतं.’

‘कसली चौकशी?’

‘म्हणजे... आपलीच.’

‘तुम्हाला कामं नाहीत का?’ वन्सं म्हणाल्या, आणि तो निघून गेला. पाणीवाल्यांपैकी एक बाई मात्र माझ्याकडे येऊन सांगून गेल्या की नवीन मशीन फार चांगलं आहे, जुन्याने इतक्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, काय विचारलं नव्हतं? त्या नुसत्या हसल्या. मला वाटलं, कामाच्या ताणाने सगळेच हललेत.

शेवटच्या दिवशी एकच गोष्ट राहिली होती. रोजचा बॅकअप आपोआप व्हायला हवा, म्हणजे वन्सं खुशाल रजेवर जातील. दुपारी मी चहा घेऊन गेले तेव्हा त्या माहितीपुस्तकं बसवून नुकत्याच मोकळ्या झाल्या होत्या. बॅकअपच्या टूलला एक बारीकशी सूचना द्यायची होती, ती नेमकी कशी लिहायची ते आठवत नव्हतं. पाटीला जागून त्यांनी मनाला विचारलं. तीन अक्षरं टाइप केली, पुढे टूलचं नाव लिहिलं आणि एंटर दाबलं.

स्क्रीनवर आलं: ‘आज मन कसं आहे?’

वन्सं स्क्रीनकडे बघत राहिल्या. मग माझ्याकडे बघितलं, जसं काही मीच लिहिलं होतं. पुन्हा नुसतंच एंटर दाबलं.

‘घाई नाही. सुचेल तसं लिहा.’

‘घाई नाही म्हणे,’ वन्सं म्हणाल्या. ‘संचालक पाचला येतायत आणि याला घाई नाही.’ त्यांनी दोन-तीन वेळा एंटर आपटलं. मशीनला खरंच घाई नव्हती. मग त्यांनी दात-ओठ खात लिहिलं, ‘खड्ड्यात जा.’

‘नोंद घेतली,’ मशीन म्हणालं. खाली दुसरा प्रश्न आला: ‘हाच प्रश्न तुम्ही शेवटचा कोणाला विचारलात?’

मी हसायला तोंड उघडलं होतं, ते तसंच मिटलं. वन्संचे हात कीबोर्डवर होते, पण बोटं हलत नव्हती. चहावर साय धरली. वन्सं गप्प आहेत हे माझ्या इतक्या वर्षांच्या संसारात मी पहिल्यांदा बघितलं. मला त्यांची भीती वाटायची सवय आहे. त्या दिवशी मी त्यांच्या खुर्चीजवळ जरा सरकून उभी राहिले.

‘घाई नाही. सुचेल तसं लिहा,’ मशीनने पुन्हा सांगितलं.

वन्संनी स्क्रीनवरची ती खिडकी फटकन बंद केली. मग कामाला लागल्या. ही तीन अक्षरं लिहिली की तू नेमकं काय चालवतोस, असं त्यांनी मशीनलाच विचारलं, आणि मशीनने सरळ सांगितलं की सगळ्यांच्या वापराच्या जागेत या नावाचा प्रोग्रॅम आहे, मी आधी तिथं बघतो. खरं माहितीपुस्तक त्याच्या मागे उभं होतं, कोणी विचारायची वाट बघत.

मानसशास्त्राच्या सरांना बोलावणं गेलं. ते आले, दारात उभे राहिले, आणि आज मात्र दमलेल्या दिसता म्हणाले नाहीत. वन्संच्या चेहऱ्यावरून त्यांना कळलं असावं.

‘नाव काय ठेवलंत हो प्रोग्रॅमचं?’

‘मन,’ सर म्हणाले. ‘एम, ए, एन.’

‘ते नाव आधीच घेतलेलं असतं. पन्नास वर्षांपासून.’

‘मी टाइप करून बघितलं होतं. मशीन म्हणालं, असं काही नाही. मला वाटलं, मोकळं आहे.’ सर जरा घुटमळले. ‘शिवाय तुमच्या दारावर लिहिलंय ना. आधी मनाला विचारा. मला वाटलं, तुम्हालाही आवडेल.’

त्यात चूक कोणाची, हे ठरवायला वन्संना एक क्षणही लागला नसता. माहितीपुस्तकं शेवटी ढकलली होती म्हणून नाव मोकळं दिसलं होतं, आणि ती का ढकलली होती हे सगळ्या संस्थेला ठाऊक होतं. मी भिंतीला टेकून उभी होते, आता सरांचं काही खरं नाही असं समजून. वन्संनी कीबोर्ड पुढे ओढला, प्रोग्रॅमच्या नावाला शेवटी एक अक्षर जोडून ‘मनस’ केलं आणि म्हणाल्या, ‘असू दे इथंच. काढत नाही.’ सर गेले तरी दाराकडे बघत होत्या.

बॅकअप चालू झाला. संचालक आले, मशीन बघितलं, छान छान म्हणाले, आणि जाताजाता विचारलं की सोमवारी एक छोटंसं काम आहे, रजा थोडी पुढे नाही का ढकलता येणार. वन्सं म्हणाल्या, ‘मनाला विचारा.’ त्यांनी पर्स उचलली. संचालक पाटी वाचत उभे राहिले.

आम्ही बरोबरच घरी आलो. त्यांच्या लॅपटॉपची पिशवी माझ्या हातात होती म्हणून मी वरपर्यंत गेले. दारात बूट होते, चकचकीत. वन्सं नेहमीप्रमाणे अडखळल्या, तोंड उघडलं, आणि बूट ओलांडून आत गेल्या. ओव्हरसियर खुर्चीत होते. खिडकीबाहेर कोणीतरी स्कूटरला किक मारत होतं, ते बघत होते.

‘गोळी घेत...’ वन्संनी सवयीने सुरुवात केली आणि थांबल्या. स्वयंपाकघरातलं स्टूल आणून त्यांच्या खुर्चीसमोर ठेवलं आणि त्यावर बसल्या. मी पिशवी हातात धरून तशीच उभी. निघावं की थांबावं कळेना.

‘आज मन कसं आहे?’ वन्संनी विचारलं.

ओव्हरसियर वळले. ‘कोणाचं?’

‘तुमचं.’

ते गोंधळले. ‘मशीन लागलं का तुमचं?’ म्हणाले.

‘मशीन राहू दे.’

‘ठीक आहे,’ ते म्हणाले. नेहमीचंच. एरवी वन्सं इथंच उठून कुकर लावायला गेल्या असत्या. त्यांच्या पर्समध्ये फोन वाजायला लागला, बहुतेक संचालकांचाच. त्यांनी तो वाजू दिला.

‘घाई नाही,’ वन्सं म्हणाल्या. ‘सुचेल तसं सांगा.’

बाहेरची स्कूटर एकदाची चालू झाली आणि गेली. ओव्हरसियर आपल्या पावलांकडे बघत होते.

‘सकाळी बूट घालतो,’ ते म्हणाले. ‘दारापर्यंत जातो. तिथं गेल्यावर आठवतं, कुठं जायचं नाहीये. मग काढून ठेवतो.’

वन्संनी त्यावर काही उपाय सांगितला नाही. त्यांचा हात यजमानांच्या गुडघ्यावर होता आणि डोळे भरून आले होते, ते पुसायलाही त्यांनी हात उचलला नाही. मी हळूच पिशवी टेबलावर ठेवली आणि निघाले. दारात ते बूट. निदान आजच्या दिवस तरी कोणी अडखळू नये म्हणून ते बाजूला सरकवायला मी वाकले.

‘राहू दे गं,’ आतून वन्संचा आवाज आला. ‘सकाळी लागतील त्यांना. आम्ही जाणार आहोत.’