गावाची हरकत नाही म्हणे

रविवारी इथे मुंबईजवळ नवघरला आमच्या गावाच्या मुंबई मंडळाची मीटिंग झाली. अजून डोकं शांत नाही, म्हणून लिहितोय...

गाव रत्नागिरीकडचं, आतलं. तिथल्या शाळेत दहावीला सात मुलं आणि गणित-विज्ञानाला शिक्षक नाही. दुसऱ्या गावचे एक सर इंटरनेटवरून तास घेतात. कनेक्शनचे पैसे मंडळ भरायचं, ते गेल्या महिन्यापासून थांबवलेत.

ठराव असा होता, की सात मुलांसाठी हा खर्च परवडत नाही. तो कायमचा बंद करून वेशीवर कमान बांधावी.

गावातल्या लोकांना व्हिडिओ कॉलवर घेतलं होतं. शाळेचं इंटरनेट बंद, म्हणून मुलं आणि त्यांच्या आया फोन घेऊन डोंगरावर सड्यावर, उघड्या कातळावर गेलेल्या... थोडीफार रेंज तिथेच येते. सगळ्यांच्या पुढे माझ्या चुलत भावाची सायली. ती यंदा दहावीला आहे.

मंडळाचे अध्यक्ष अण्णा इथेच शहरात, इंद्रलोक वसाहतीत राहतात, त्यांचा नातू घरबसल्या कोडिंग शिकतो. त्यांनी ठराव वाचला, गावकऱ्यांची काही हरकत आहे का विचारलं... आणि चित्र थांबलं. सायलीचं तोंड उघडं, हात अर्धा वर.

अण्णांनी जरा वाट पाहिली. मग सेक्रेटरीला म्हणाले, "लिही. हरकत नाही."

मी उठलो. म्हटलं, अण्णा, फोन बंद पडलाय, माणसं नाही. ते म्हणाले, "बोलायचं असतं तर बोलले असते. तू काय आता कोर्टात जाणार?" लोक हसले. चहा फिरत होता...

मी सायलीच्या आईला तिथूनच साधा फोन लावला. बऱ्याच वेळाने लागला. स्पीकरवर आधी नुसता वारा, मग वहिनीचा आवाज.

"भावजी, पोरगी कवापासून बोलतेय, तुमाला ऐकू नाय येत काय? कमान नको म्हनतोय आमी. तिचा तास चालू करा."

कुणी हसलं नाही. अण्णांनी ठराव पुढच्या मीटिंगवर ढकलला. रद्द नाही केला, ढकलला. सायलीचे तास अजून बंदच आहेत.

आधी आम्हीच त्यांची लाइन बंद केली, मग त्यांचा आवाज आला नाही म्हणून त्याला होकार लिहून घेत होतो...

फोन ठेवताना वहिनीने विचारलं, अजून वरच थांबू का, पुन्हा काय विचारायचं असेल तर? भर दुपारी उन्हात सगळे थांबले होते. मीटिंगचे आभार मानायचेच तर त्यांचे. पंख्याखाली बसलेल्या आम्हा कुणाचेच नाहीत.