फकिराचा दात

चष्म्याच्या एका दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर, दात बनवणारी लॅब आहे. डॉक्टर रुग्णांच्या तोंडाचे साचे पाठवतात आणि लॅब दात पाठवते. खिडकीशी बसणाऱ्या कारागिराला आसपासचे लोक दातवाला म्हणतात. शिक्षण मात्र चित्रकलेचं, आणि त्यात तो वर्गात पहिला आलेला. सहा महिन्यांपुरती म्हणून ही नोकरी धरली, त्याला सव्वीस वर्षं झाली. "सहा महिने अजून भरायचेत," असं तो स्वतःच सांगून टाकतो, म्हणजे दुसऱ्याला बोलायला काही उरत नाही.

काम चित्रकाराचंच आहे. चिनीमातीची भुकटी कालवायची, बारीक ब्रशने थरावर थर द्यायचा, भट्टीत भाजायचा, पुन्हा रंगवायचा. मुळाशी पिवळसर, मध्ये दुधी, टोकाला धुतलेल्या काचेसारखा करडा. या धंद्यात दात ओळखू आला की काम फसलं. सव्वीस वर्षं त्याचं काम शेकडो तोंडांत हसत होतं, भांडत होतं, खोटं बोलत होतं, आणि हे कोणी केलं असं एकाही माणसाने विचारलं नव्हतं.

लोक विचारायचे ते फकिराबद्दल.

फकीर त्याच वर्गातला, दुसरा आलेला. नोकरी त्याने कधी केली नाही. कला विकायची नसते, असं त्याचं मत होतं. ती कोणी विकत मागितलीही नव्हती, पण तो तपशिलाचा भाग. बंद पडलेल्या छापखान्यावरच्या खोलीत तो राहायचा, रंगाचे डाग पडलेले दोन सदरे आलटून पालटून घालायचा, आणि उपाशी कलावंत म्हणून गावभर प्रसिद्ध होता. कलावंत उपाशी राहू नये म्हणून सात घरं त्याच्यावर लक्ष ठेवून असत, त्यामुळे तशी वेळ त्याच्यावर सहसा येत नसे. गुरुवार दातवाल्याकडे असायचा.

"भाऊजी, किती वाळलात हो! घ्या अजून," दातवाल्याची बायको म्हणायची.

"नको वहिनी, नको," म्हणत फकीर ताट पुढे करायचा.

दातवाल्याला डॉक्टरांनी तेल, मीठ, साखर सगळं बंद केलेलं. तो उकडलेला भोपळा चिवडत बसायचा. त्या टेबलावर उपाशी माणूस एकच असे, आणि तो पगार घेऊन येणारा होता.

"त्यांचं बरं आहे, मनासारखं जगतात," फकीर गेल्यावर बायको म्हणायची.

"मनासारखं जगतो आणि आपल्याकडचं जेवतो."

"तुमच्या का पोटात दुखतं?"

"भोपळ्याने."

पोटात दुखतच होतं. फकिराचं नाव, फकिराची दाढी, फकिराकडे बघताना बायकोच्या आवाजाला येणारा ओलावा, सगळंच. पण मागणं एवढंसंच होतं. फकिराने एकदा, एकदाच, बायकोसमोर म्हणावं की हा कलाकार आहे. वर्गात पहिला कोण आला हे फकिराला माहीत होतं, तेव्हा ते त्याच्याच तोंडून यायला हवं होतं. त्या तोंडातून दर गुरुवारी यायचं ते असं : "काय, दातांचा कारखाना काय म्हणतो?"

मग एका बड्या वकिलाच्या घरी, नळीचं हाड फोडताना, फकिराचा वरचा समोरचा दात तुटला. पंधरा दिवसांनी एका मासिकात फकिरावर लेख आला. उपासमारीने या कलावंताचा दातसुद्धा नेला, असं त्यात लिहिलं होतं. फकिराने खुलासा पाठवला नाही.

"दात मी करून देतो," दातवाला म्हणाला. "दिवसाउजेडी लॅबवर ये."

त्याने फकिराला खिडकीशी बसवून तासभर शेजारचे दात न्याहाळले. तीन आठवडे तो एकाच दातावर बसला. चहाने आलेला तपकिरीपणा, सिगरेटची पिवळी कड, किंचित डावीकडे कललेला तोल, आणि पन्नाशीच्या दातावर असतो तसा केसाएवढा तडा. दोनदा भट्टीतून काढून फोडून टाकला. तिसरा त्याने ओल्या बोटावर ठेवून खिडकीत धरला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही. फकीर डॉक्टरच्या खुर्चीला घाबरायचा, म्हणून हा दात काढता-घालता येईल असा केला होता.

तो त्याने मुद्दाम गुरुवारी दिला. बायको समोर होती. फकिराने दात बसवला, आरशात डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं.

"अरे, हा तर माझाच दात!"

"हो," दातवाला म्हणाला आणि वाट बघत राहिला.

"मग तू काय केलंस?" फकीर हसला आणि त्याने ताट पुढे केलं.

पुढच्या महिन्यात फकिराचं पहिलं मोठं प्रदर्शन भरलं. दातवाला बायकोला घेऊन गेला. फकीर दारातच भेटला, तोंडात खिंडार घेऊन. दालनाच्या मधोमध एक काचेची पेटी होती, आत काळं कापड, कापडावर दिव्याखाली तो दात. खाली पाटी : 'भूक'. त्याखाली फकिराचं नाव, आणि विकलं गेल्याची लाल टिकली.

एक बाई पेटीवर वाकून सोबतच्या माणसाला सांगत होती, "तो तडा बघा. काय वेदना आहे त्यात!"

तो तडा दातवाल्याने एका मंगळवारी, नाक गळत असताना काढला होता.

"रागावलास की काय लेका?" फकिराने पाठीवर थाप मारली. "अरे, कल्पना माझी. तू नुसता केलास."

"अहो, कसं सुचतं हो भाऊजींना!" बायको म्हणाली.

दात विकला गेल्यामुळे फकिराला दात उरला नव्हता. हातात पैसे आल्यावर धीरही आला. आता पक्का बसवायचा ठरला. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी आधारासाठी शेजारचे दोन दात घासून साचा पाठवला, तीन दात एकत्र करायचे होते. चिठ्ठीत लिहिलं होतं, 'रंग तुम्हीच ठरवा, मित्र तुमचा.'

दातवाल्याने रंगांच्या नमुन्यांतला शेवटचा उचलला, माणसाच्या तोंडात जन्मतः कधीच न आढळणारा पांढरा. एक थर दिला. छटा नाही, तडा नाही, तोल नाही. एका दुपारीत तीन दात तयार झाले, न्हाणीघरातल्या फरशांसारखे. असलं काम त्याने जन्मात बाहेर जाऊ दिलं नव्हतं. आता बसू दे फकिराला उपासमारीवर बोलत, लोक दातांकडेच बघतील, असं म्हणत त्याने डबी बंद केली.

दोन दिवसांनी डॉक्टरीणबाईंचा फोन आला. "अहो, हे काय पाठवलंत? मी परतच पाठवणार होते, पण पेशंट आरसा सोडेना. बसवून टाकले."

गुरुवारी फकीर आला तो हसतच. आधी दात आत आले, मग फकीर.

"वहिनी, हे बघा! आधीचा काय, आरशात बघितलं तर मीच. हे कसे, लांबूनच कळतं, कोणीतरी जीव ओतून केलेत." त्याने दातवाल्याच्या खांद्यावर हात ठेवला. "मानलं बुवा. कलाकार आहे हा. वर्गात उगाच पहिला नव्हता आला."

बायको नवऱ्याकडे बघत राहिली. इतकी वर्षं ती अशी फक्त फकिराकडे बघायची.

दातवाल्याने तोंड उघडलं. "जरा जास्तच पांढरे झालेत," एवढंच त्यातून बाहेर पडलं.

"बघा वहिनी, समाधान नाही! कलाकाराचं लक्षण!"

बायकोने त्या दिवशी आधी नवऱ्याला वाढलं, तेही डॉक्टरांना न विचारता. ते काम भिकार आहे हे ओळखू शकेल असा माणूस त्या टेबलावर एकच होता, आणि त्याने मान खाली घालून घास घेतला. फकीर पुन्हा हसला. दातवाल्याच्या मनात पेटीतलं ते काळं कापड होतं. ज्या कोणी तो दात विकत घेतला, त्याला तो रोज बघायला मिळत असेल, या विचाराने त्याच्या पोटात पुन्हा दुखायला लागलं.