शेवट विचारणारे दौलत गुरुजी

दौलत गुरुजींना त्यांच्या सख्ख्या मेहुण्याने, सुभेदार आनंदरावांनी फसवले. त्यांच्याबरोबर मलाही फसवले. मी सांगलीत हळदीची दलाली करणारा माणूस. आटपाडीकडे आमची मेंढरे मेली तेव्हा अंगावरच्या कपड्यांनिशी इकडे आलो, आधी पोती वाहिली, मग स्वतःची गादी घातली. हळकुंड मोडल्याचा आवाज ऐकून ते नीट वाळले आहे की नाही, हे मी पाठ फिरवून सांगतो. अशा माणसाला गंडवणे सोपे नाही. सुभेदारांनी ते केले, आणि आजवर त्याचा जाब कोणी दिलेला नाही.

गुरुजी पलूसकडच्या एका कृष्णाकाठच्या गावात प्राथमिक शाळेत शिकवत. घरची थोडी जमीन होती, तीत हळद लावत. पहिल्यांदा माल घेऊन आले तेव्हा मी नवा होतो आणि तोंडाने तिखट होतो. त्या काळी आमच्याकडे हळदीचा भाव बोलून सांगत नसत. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा आणि आत बोटे धरून सौदा करायचा. भोवतीच्या माणसांना पत्ता लागत नसे. मी गुरुजींची बोटे दाबली. त्यांनी मान हलवली. मी पुन्हा तीच दाबली.

"ह्यो शेवटचा भाव?"

"शेवटचाच."

"बरं. मग शेवटचं नक्षत्र कोणतं, सांग."

"आवं गुरुजी, हळद इकाय आलाय का परीक्षा घ्याय?"

"ज्याला शेवटचं नक्षत्र ठावं न्हाई, त्यानं शेवटचा भाव कसा सांगावा? वाढीव जरा."

हमाल खो खो हसले. माझे डोके फिरले होते, पण बोट मात्र वाढवले. गुरुजींनी हात बाहेर काढला, टोपी सारखी केली आणि म्हणाले, "रेवती. ध्यानात ठेव."

तेव्हापासून ते सांगलीला आले की माझ्या गादीवर टेकायचे आणि चहा येईपर्यंत मला छळायचे. शेवटचा ग्रह कोणता? प्लूटो. शेवटचा अवतार? कल्की, "पर त्यो अजून यायचाय, त्याच्या भरवशावर उधारी करू नगंस." एकदा मी वैतागून म्हणालो, "गुरुजी, पयलं काय असतंय ते कवाच इचारत न्हाई तुमी?" त्यावर ते म्हणाले, "पयलं समद्यांस्नी पाठ असतं गड्या. पयल्याच्या गळ्यात हार पडत्यात. शेवटच्याला इचारतंय कोण?"

त्यांचे सगळेच बरोबर असे, असे मात्र नाही. एकदा त्यांनी वर्गात सांगून टाकले की देशातली रेल्वे कोल्हापूरला संपते, तिथे रूळच संपतात. पोरांनी घरी जाऊन तेच सांगितले. त्यातल्या एकाचा बाप पलटणीतून रजेवर आला होता. तो दुसऱ्या दिवशी शाळेत येऊन उभा. "गुरुजी, मी पठाणकोटास्नं आलोय. तिथंबी गाडी रिकामी करत्यात की. पुढं रूळच न्हाई." दुसरा मास्तर असता तर ओशाळला असता. गुरुजी टाळी वाजवून म्हणाले, "म्हंजे शेवट दोन हायत! बस, बस. तिथं सांगत्यात कसं, गाडी संपली म्हणून?" तास संपेपर्यंत तो जवान वर्गात बसून पठाणकोट सांगत होता.

पुण्याकडून येणारी लहान रुळांची गाडी बंद होऊन मोठ्या रुळांची आली, तेव्हा स्टेशनात नव्या गाडीला बघायला ही गर्दी. तोरणे काय, नारळ काय, वाजंत्री काय. गुरुजी गेले ते जुन्या गाडीच्या शेवटच्या फेरीला. त्यांच्या हातात झेंडूचा हार होता, फलाटावर दुसरे कोणी नव्हते. गार्डाने विचारले, "कुणी पुढारी येणार हायत का?" गुरुजींनी हार त्याच्याच गळ्यात घातला. ही हकीगत सांगताना ते म्हणायचे, "त्यो गार्ड लाजला रं. त्याला वाटलं, मी चेष्टाच करतोय."

आणखी एक सवय होती. बांधावरची घायपात आयुष्यात एकदाच फुलते. मधोमध माणसाच्या कितीतरी वर दांडा काढते आणि मग वाळून जाते. अशी दांडा काढलेली घायपात रस्त्यात दिसली की गुरुजी सायकलवरून उतरायचे, टोपी काढायचे आणि थोडा वेळ उभे राहायचे. मी एकदा सोबत होतो. म्हणालो, "चला की, ऊन लागतंय." ते म्हणाले, "हिला ठावं हाय, बिरू. म्हणून तर एवढी उंच गेलीया. आपल्या मुलखातला शेवटचा चित्ता गोळी घालून मारला, त्याला कुठं ठावं व्हतं आपुन शेवटचा हाय म्हणून? ठावं असतं तर दमानं एकदा रान बघून घेतलं असतं त्यानं." चित्त्याबद्दल त्यांना फार वाईट वाटायचे. मला तेव्हा हसू यायचे.

या सगळ्यात त्यांची स्वतःची हौस एकच होती. कृष्णा संपते ती जागा बघायची. त्यांचा जन्म साताऱ्याकडचा, नोकरी सांगलीकडची. म्हणजे जन्मभर त्याच नदीचे पाणी प्याले. महाबळेश्वरला उगम बघायला सगळे जातात, गोमुखाखाली ओंजळ धरतात, पेढे घेऊन परत येतात. ती आंध्रात समुद्राला कुठे मिळते, हे गावात एकालाही सांगता येत नव्हते. गुरुजींनी नकाशावर बोटाने ती वाट झिजवली होती. आधी पोरींची लग्ने, मग बहात्तरचा दुष्काळ, मग निवृत्ती, असे राहत गेले. शेवटी मीच म्हणालो, "आंध्रात दुग्गिराळ्याला हळदीची पेठ हाय, माझा ट्रक जातोय. तिथनं समुद्र जवळच. संक्रांत झाली की बसा केबिनमधी." गुरुजींनी लगेच घाटावरच्या पाण्याने एक बाटली भरून ठेवली. म्हणाले, "हिला जायला लय दिस लागत्यात. ह्या एवढ्या पाण्याला आपुन ट्रकनं न्यायचं."

संक्रांतीच्या आधी त्यांचे पोट दुखू लागले. मिरजेच्या दवाखान्यात नेले. सुभेदार साताऱ्याहून आले, डॉक्टरांशी तेच बोलले. फौजेतला माणूस, कडक इस्त्री, बोलणे हुकमी. बाहेर येऊन आम्हा सगळ्यांना म्हणाले, "अल्सर हाय. पोटात जखम. पथ्य पाळलं की पाडव्यापतोर खडखडीत. तोवर प्रवास बंद." मी विचारले, "ट्रकात गादी टाकून नेतो, मग तर चालंल?" सुभेदार म्हणाले, "डाक्टरचा हुकूम हाय." डॉक्टरपुढे माझी दलाली काय चालणार? गुरुजीही म्हणाले, "नदी कुठं जातीया? पाडवा तर पाडवा." त्या दिवसांत ते रोज घाटापर्यंत चालत जात होते. हे मी मुद्दाम सांगतो आहे.

पाडवा झाल्यावर मी त्यांना न्यायला गेलो. गुरुजी खाटेवर होते. अंगावर सदरा राहिला होता, आत माणूस राहिला नव्हता. मी काही बोलायच्या आत सुभेदारांनी मला दंडाला धरून गोठ्यामागे नेले.

"त्यांस्नी न्यायचं न्हाई. कॅन्सर हाय. म्हैनाभर कसंबसं."

"तुमास्नी कवापास्नं ठावं हाय?"

"पयल्या दिशीच डाक्टर बोल्ला."

माझा आवाज चढला. "आवं, तवा ते चालत व्हते! जेवत व्हते! तवा सांगितलं असतं तर जाऊन माघारी आले असते!"

"बिरू, पलटणीत जवानाला त्याची जखम दाखवत न्हाईत. हौसला गेला की माणूस गेला. मी लय बघितल्यात."

"ते जवान न्हाईत. ते गुरुजी हायत. जल्मभर त्यांनी शेवटाबिगर काय इचारलं व्हतं का कुणाला?"

तेवढ्यात काकी, म्हणजे गुरुजींच्या बाई, तिथे आल्या. त्यांनी पदर पसरला. "बिरूभाऊ, तुमच्या तोंडनं त्यांच्या कानावर गेलं, तर माझं कुंकू तुमी पुसलं असं मी म्हणीन. शपथ घ्या." सुभेदारांशी मी भांडलो असतो, हातघाईवर आलो असतो. काकींपुढे काय करणार? तोंडातून शब्द काढणार नाही, अशी शपथ घेतली.

आत आलो. सुभेदार दारात खुर्ची टाकून बसले, काकी उंबऱ्याशी. गुरुजींनी मला खाटेवर बसवले आणि मोठ्याने म्हणाले, "बिरू, रुमाल काढ. बघू औंदा हळदीला काय भाव देतोस." काकींना बरे वाटले. किती दिवसांनी माणूस थट्टा करतोय, असे त्यांच्या तोंडावर दिसले. मी आमच्या हातांवर रुमाल टाकला. गुरुजी माझ्या कानाशी आले आणि हळूच म्हणाले, "गोठ्यामागं तुझा आवाज चढला व्हता. शबूद न्हाई कळले. पर चिडलास एवढं कळलं. तोंडाची शपथ घातली व्हय? हाताची न्हाई ना घातली?"

आणि त्यांनी रुमालाखाली आपला पंजा माझ्या हातात दिला. पाच महिने.

मी तो धरला नाही. त्यांनी एक बोट मिटले. मी धरले नाही. आणखी एक मिटले. मी भल्याभल्यांचे भाव खाली ओढत आलेला माणूस; त्या दिवशी पहिल्यांदा वर ओढावेसे वाटत होते आणि हातात काही नव्हते. कुणाशी घासाघीस करायची? दोन बोटे राहिली. मी धरली नाहीत. मग एकच राहिले. ते मी धरले, आणि मला सोडता येईना.

गुरुजी मोठ्याने म्हणाले, "लय पडला की रं भाव."

दारातून सुभेदार हसले. "औंदा पीक दांडगं हाय दाजी. पडणारच."

"व्हय," गुरुजी म्हणाले. त्यांनी दुसऱ्या हाताने माझा हात थोपटला. जरा वेळाने विचारले, "तिकडं इतक्यांदा गेलास. कशी संपती रं नदी? एकदम, का पसरत पसरत?"

मी पेठेत जायचो, सौदा व्हायचा, माल भरून माघारी यायचो. समुद्राकडे कधी गेलोच नव्हतो. "बघितली न्हाई, गुरुजी," मी म्हणालो.

"आता मला हितनं काय कळणार," एवढेच ते म्हणाले, आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

आपल्याला कळले आहे, हे त्यांनी घरात कोणालाही कळू दिले नाही. औषध घ्यायचे. सुभेदार "पावसाळा सरला की जाऊ" म्हणाले की "व्हय, तवा वाट बी बरी असंल" म्हणायचे. एका घरात सगळे जण एकमेकांना सांभाळत खोटे बोलत होते, आणि कोणाला काय माहीत आहे ते पुरते जाणणारे आम्ही दोघे ट्रकच्या टायरांबद्दल बोलत होतो. मी आठवड्याला जायचो. दर वेळी वाटे, आज सुभेदारांना उचलून अंगणात आपटावे. दर वेळी काकींच्या हातचा चहा पिऊन परत यायचो.

मृगाच्या आधीच ते गेले. शेवटच्या घटकेला मी तिथे होतो. डोळे लागले होते, हात गार पडत होते. माणूस जाताना सगळ्यात शेवटी कान जातात, असे गुरुजींनीच मला एकदा चहा पिताना सांगितले होते. सुभेदार त्यांच्या कानाशी वाकले आणि मोठ्याने म्हणाले, "दाजी, उठा! बरं झालाय तुमी! गाडी आलीया, समुद्राला जायचंय!" सुभेदारांचे तोंड दाबायला मी पुढे झालो, तर काकींनी माझा हात धरून ठेवला.

त्यानंतर मी एकदा साताऱ्याला गेलो, सरळ सुभेदारांच्या घरी. भांडायचे ठरवूनच गेलो होतो. काकी तेव्हा भावाकडेच राहायला आल्या होत्या. सुभेदारांनी मला खुर्ची दिली, डोळे पुसले आणि म्हणाले, "बिरू, एक गोष्ट तेवढी माझ्या हातनं चांगली झाली. शेवटपतोर त्यांस्नी कळू दिलं न्हाई." काकींनी मान हलवली. साऱ्या बाजारात माझा आवाज पोचतो. त्या खोलीत तो फुटला नाही. त्यांना सगळे माहीत होते, असे सांगितले असते तर त्या बाईचा उरलेला आधार गेला असता. गुरुजींनी जे मरेपर्यंत झाकले, ते मी कसे उघडणार? मी चहा पिऊन उठलो.

आता काकी नाहीत. माझी शपथ त्यांच्याबरोबर गेली. सुभेदार, तुम्ही अजून आहात, वाचता येते, डोके शाबूत आहे. म्हणून हे तुम्हाला विचारतो. संक्रांतीपासून पाडव्यापर्यंत गुरुजी स्वतःच्या पायांनी घाटावर जात होते. ते दिवस त्यांचे होते. ते तुम्ही कोणाला विचारून घेतले? हौसला आणि पलटण मला सांगू नका. सरळ उत्तर द्या.