हवा ओकणारा हापसा

उदगीरजवळच्या एका गावात मी सातवीला मराठी शिकवत होते. लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता आणि त्या साली पावसानं पाठ फिरवली होती. मी पत्रलेखनाला विषय दिला : पाणीटंचाईबद्दल जिल्हाधिकाऱ्यांना अर्ज. तेवीस वह्या आल्या, तेवीस वह्यांत एकच पत्र. गाइडातलं. पत्ताही गाइडातलाच : जिल्हाधिकारी, उस्मानाबाद. जो जिल्हा आता आमचा राहिला नव्हता, त्याच्याकडे पोरं पाणी मागत होती.

मी सगळी गाइडं कपाटात कोंडली. मला याद्या करायची सवय, ती पोरांनाही लावली. आधी पाच ओळी, त्याही फक्त डोळ्यांनी पाहिलेल्या. मग शेजाऱ्याला मोठ्यानं वाचून दाखवायच्या. तो जिथं "म्हंजे काय?" विचारेल, तेवढंच पुन्हा लिहायचं. 'सविनय सादर' सगळ्यात शेवटी. पत्ता मात्र ज्याचा त्यानं शोधायचा.

बौद्ध वस्तीतल्या एका मुलीनं लिहिलं : "आमच्या वस्तीचा हापसा हवा ओकून राहिला. टँकर चौकापर्यंत येतो, पुढे येत नाही. आमची पाळी येईपर्यंत टाकी रिकामी होते."

मी काना-मात्रा तेवढ्या सुधारल्या.

त्याच आठवड्यात विस्तार अधिकारी तपासणीला आले आणि नेमकी तीच वही उघडली.

"बाई, हापसा हवा ओकतो? हे काय लेखन झालं?"

मी काही बोलायच्या आत मुलगी उभी राहिली. "हाव साहेब. दांडा मारला की ओकल्यावानीच आवाज येतो. चला, ऐकवते."

वर्ग हसला. साहेबांनी लाल पेनानं ओळ खोडून वर लिहिलं, 'हातपंप नादुरुस्त आहे.' चौकाची ओळ तर पुरतीच काढायला सांगितली. "गावात भांडणं कशाला लावता, बाई?"

"ती ओळ काढली तर अर्जात उरतं काय, साहेब?"

"मला शेरा लिहावा लागेल."

"लिहा की. फक्त गाइडातला नको, स्वतःचा लिहा."

त्यांनी लिहिला : 'अभ्यासक्रमाबाहेरचे उद्योग.' मी खाली सही केली.

साहेबांची जीप वळली तशी मुलीनं अर्ज कोऱ्या कागदावर उतरवला, खोडलेल्या ओळींसकट. पत्ता लातूरचा. मधल्या सुट्टीत आम्ही दोघींनी तो टपालपेटीत टाकला.

पुढच्या महिन्यात एक दुरुस्तीवाला शाळेच्या दारात आला. खांद्यावर पाने-पकडींची पिशवी, हातात कागद. "बाई, तो हवा ओकणारा हापसा कुठं हाय?"

मुलगी बसायच्या पट्टीवरून उठून त्याच्या पुढं निघालीसुद्धा.

टँकर मात्र चौकातच थांबत राहिला. दुरुस्तीनंतर दुसऱ्याच दिवशी मी काही सांगायच्या आतच तिनं नवा कागद काढला होता. पहिली ओळ होती : "हापसा बरा झाला. आता टँकरचं बोलू."