मनूची दुसरी रेघ

परवा रविवारी संध्याकाळी महागावात, आमच्या ओट्यावर, कोरोनाच्या किटवर दोन रेघा उमटल्या. आणि तासाभरात मी आख्ख्या वर्गाला घाबरवून सोडलं...

माझं बी-बियाण्यांचं दुकान आहे. बायको यवतमाळला एका दवाखान्यात नर्स. ती आठवड्याच्या सुट्टीला येते, तीही मिळाली तर. बाकी दिवस घरात मी आणि दुसरीतली आमची मनू. संध्याकाळी दुकान बंद करून आलो की दोन ताटं वाढतो. टीव्ही लावून ठेवतो, कोणीतरी बोलत असावं म्हणून.

गेले काही महिने दर रविवारी मी मनूची घरीच टेस्ट करत होतो. खोकला नसला तरी. त्याला कारण होतं. शाळा नुकतीच उघडली होती तेव्हा तिला जरासं पडसं झालं आणि मी चार दिवस ते अंगावर काढू दिलं. शाळेत पाठवत राहिलो. नंतर तिच्या बाकावरच्या मैत्रिणीच्या आजीला ऑक्सिजन लावायची वेळ आली.

आजी बऱ्या होऊन घरी आल्या. मला कोणी एका शब्दानं बोललं नाही. पण रस्त्यात त्यांचं घर लागलं की माझी मान अजूनही खाली जाते...

म्हणून मग रविवार ठरला. नाकात काडी, चार थेंब आणि पंधरा मिनिटं वाट बघणं. बायकोला हे पटत नव्हतं. "खोकला-ताप असंन तं तपासा नं. धडधाकट पोरीच्या नाकात काहून काड्या घालून राह्यले?" ती नर्स, पण ऐकेल तो मी कसला!

आमच्या धंद्यात पेरणीआधी बियाण्याची उगवण बघतात. शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायचे आणि किती उगवले ते मोजायचे. दुकानात एकानं तर तोंडावरच विचारलं, "भाऊ, पोरगी हाय का सोयाबीन? दर आठवड्याले उगवण पाहून राह्यले!" सगळे हसले. मीही हसलो. पण किट आणणं काही सोडलं नाही.

तर परवा... थेंब टाकले आणि दूध उतू जात होतं म्हणून गॅसकडे वळलो. दूध, मग दारावर कोणीतरी आलं, मग फोन. परत येऊन बघतो तर सी समोर एक रेघ आणि टी समोर दुसरी. चांगली ठळक.

मनू शेजारी स्टुलावर गप्प बसली होती. आधी वर्गाच्या ग्रुपवर मेसेज टाकला, कारण या वेळी मला उशीर करायचा नव्हता. बाईंनी लगेच तिच्या आसपास बसणाऱ्या पाच मुलांना सोमवारी घरी ठेवायला सांगितलं.

मग बायकोला फोन केला. "निघते मी," ती म्हणाली. घाबरलेली होतीच... पण त्या आवाजात दुसरंही काहीतरी होतं. मला ते कळलं, कारण माझ्याही मनात तेच आलं होतं.

फोटो पाठवला. पाच मिनिटांनी तिचाच फोन. "अहो, रेघ पाह्यली का नीट? किटच्या खिडकीच्या बाहेर प्लास्टिकवर बी गेली हाय. स्केचपेन हाय ते." मी किट उजेडात धरून पाहिली. "रागावू नका तिले," एवढं म्हणून तिनं फोन ठेवला.

मी मनूकडे बघितलं. तिनं हात पाठीमागे लपवले होते, बोटाला गुलाबी शाई. काहून केलं म्हणून विचारलं, तर खाली मान घालून म्हणाली, "मांगच्या वक्ती दोन रेघा आल्या तं आई पंधरा दिवस घरी राह्यलती."

खरं होतं ते. त्या पडशात शेवटी टेस्ट केली, तेव्हा बायको नेमकी सुट्टीवर घरी आली होती आणि आमच्यासोबतच क्वारंटाइनमध्ये अडकली. मनूला दोन दिवसांत बरं वाटलं. उरलेले तेरा दिवस आम्ही तिघांनी पत्ते खेळले, आंबील करून प्यायलो, भांडलोसुद्धा. लग्नानंतर इतके दिवस सलग आम्ही एकत्र राहिलोच नव्हतो.

आता लिहायला बसलोच आहे तर हेही लिहितो. एका रविवारी एकच रेघ आली तेव्हा क्षणभर मला वाईट वाटलं होतं... बाप असून. हे मी आजवर कोणाला सांगितलं नाही. मनूनं जे स्केचपेननं केलं, ते मी मनातल्या मनात करून बसलो होतो.

ग्रुपवर माफी मागितली. काहींनी हसण्याचे इमोजी टाकले, काहींनी काहीच टाकलं नाही. त्या मैत्रिणीच्या आजींनी मात्र स्वतः फोन केला. "पोरीले मारलं तं नाही नं?" विचारलं आणि मनूला त्याच रात्री जेवायला धाडायला सांगितलं. तो फोन ठेवल्यावर मी रडलो.

आता दर रविवारची टेस्ट बंद. ताप-खोकला असला, घरात म्हातारं माणूस असलं तर जरूर करा, उशीर करू नका, माझ्यासारखं होऊ देऊ नका. पण लेकरू त्या काडीकडे कोणत्या आशेनं बघतंय, तेही एकदा विचारा.

बायको काल सुट्टीवर आली आणि आल्या आल्या तिनं ती किट मागितली. असल्या किती किट तिनं रोज कचऱ्यात टाकल्या असतील... आज सकाळी एसटीत बसताना ही एक मात्र तिनं रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवली.