‘रिकामं’ न म्हणणारे काका

आमच्या धाकट्या काकांच्या लेखी या पृथ्वीतलावर रिकामी जागा नावाची वस्तूच नाही. मुरबाडच्या एस.टी.त अख्खं बाक मोकळं असलं तरी ते आधी विचारणार, "सरकतोस का रे जरा?" आणि मग कडेला अंग चोरून बसणार. एकदा कंडक्टर वैतागला, "अवो, तिथं कोनी नाय!" काका शांतपणे म्हणाले, "तुला नाय दिसला म्हनून त्याचा तिकीट नको फाडू." सगळी गाडी हसली. पण गर्दी वाढली तरी उरलेल्या अर्ध्या बाकावर बसायला कुणी धजावलं नाही.

अशा माणसाला मीच नोकरीला लावलं, ही माझी अक्कल! शहापुरात आम्हा आठ जणांची स्टार्टअप होती. उंबरमाळीच्या रानातल्या कॅमेऱ्यांचे फोटो बघून बिबट्या, डुक्कर की माणूस हे ओळखणारं, क्लाउडवर चालणारं मशीन आम्ही बनवत होतो. त्याला शिकवायला काका फोटोंवर चौकोन काढून नावं देत. झुडपातलं नुसतं शेपूट पाहून म्हणत, "मादी हाय." मात्र तीन वर्षांत ‘रिकामं’ हे बटण त्यांनी एकदाही दाबलं नाही. मोकळ्या पायवाटेवरही चौकोन काढून ‘माणूस’ लिहीत. मला ठाऊक होतं, तरी मी गप्प राहिलो. माझे वडील, म्हणजे काकांचे थोरले भाऊ, त्याच रानात मध काढायला गेले ते परतलेच नाहीत. त्यांचं दिवसकार्यही काकांनी करू दिलं नाही.

मग एका बड्या सॉफ्टवेअर कंपनीने आम्हाला विकत घ्यायचं ठरवलं. तपासणीला आलेल्या बाईंनी काकांनी कधीच न पाहिलेले, एकाच सकाळचे फोटो मशीनला दाखवले. मोकळ्या वाटेवर चौकोन उमटला: माणूस. थोड्या वेळानंतरच्या फोटोत तो पुढच्या कॅमेऱ्यात होता. मग त्याच्या पुढच्या. एका वेळी एकाच ठिकाणी, आणि मधे चालत्या माणसाला लागावा तेवढाच वेळ. शेवटचा चौकोन आमच्या गावाबाहेरच्या कॅमेऱ्यात होता. बाईंनी एसी बंद करायला सांगितला. "हे साफ करा, नाहीतर व्यवहार होणार नाही."

काका दोन दिवस जुने फोटो ‘रिकामं’ करत बसले. प्रत्येक फोटोला पुटपुटत, "माफ कर रे दादा." सगळे झाल्यावर मशीनने विचारलं, ‘खात्री आहे?’ काकांनी हात मागे घेतला. "माज्याच्यानं नाय होनार. तुजा बाप हाय, तूच काय ते ठरव."

खोलीत माझ्या जोडीची सात पोरं माझ्याकडे बघत होती. मी ‘हो’ दाबलं.

व्यवहार झाला. मशीन आता मोकळी वाट मोकळीच दाखवतं आणि नवे मालक खूश आहेत. ‘हो’ दाबलं त्या संध्याकाळी काका आणि मी गावी परतत होतो. गावाबाहेरच्या कॅमेऱ्यापाशी काका थांबले आणि म्हणाले, "हितवर आला होता रे."

मी वाटेकडे पाहिलं. कुणीच नव्हतं. बाबांची इतकी आठवण मला त्याआधी कधीच आली नव्हती.