पाणीवाले डॉक्टर

आमच्या डॉक्टरांनी पहिल्या भेटीत कोणाला आजाराबद्दल विचारलेलं मला आठवत नाही. ते विचारायचे, "पानी कहाँ का पीते हो?" नळाचं की हातपंपाचं? उकळता का? उकळल्यावर कशात ठेवता? त्यावर झाकण असतं का? मंडला-नरसिंहपूरकडून आलेली माणसं बावरून एकमेकांकडे बघायची. आपण एवढ्या मोठ्या शहरात जाऊन किडनी बदलून आलो आणि हा डॉक्टर माठाच्या झाकणाची चौकशी करतो! त्यावरून त्यांचं नावच पडलं, पानीवाले डॉक्टर साहब. आम्ही मराठी पेशंट पाणीवाले डॉक्टर म्हणायचो. त्यांना ते ठाऊक होतं, आणि मला वाटतं, आवडतही होतं.

मी त्यांच्याकडे गेले तेव्हा जबलपूरच्या सदरमधल्या एका शाळेत शिकवत होते. नोकरी नवी होती, आणि दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. आईनं तिची एक मला दिली. ऑपरेशन नागपूरला झालं. तिथं आमचं कौतुक झालं, फोटो निघाले, आणि एक दिवस आम्हाला जबलपूरच्या गाडीत बसवून दिलं. स्टेशनवर उतरले तेव्हा माझ्या तोंडावर मास्क होता, हातात औषधांची पिशवी होती, आणि पुढे कसं जगायचं हे मला नीटसं कोणी सांगितलेलं नव्हतं.

त्या "पुढे"चाच डॉक्टरांना ध्यास होता. त्यांचं सगळं संशोधन त्यावरच. किडनी किंवा लिव्हर बदलून घरी परतलेल्या माणसांचं नंतर काय होतं? एकाच दवाखान्यात, एकाच हातानं ऑपरेशन झालेल्या दोघांपैकी एकाची किडनी वर्षानुवर्षं चालते आणि दुसऱ्याची का बंद पडते? "ऑपरेशन नागपूर-मुंबईत होते," ते म्हणायचे, "जगावं तर इथंच लागते ना!"

म्हणून ते रविवारी स्कूटर काढून पेशंटच्या घरी जायचे. आधी वर्दी द्यायची पद्धत नव्हती. विजय नगरला आमच्याकडे आले ते थेट स्वयंपाकघरात गेले आणि म्हणाले, "गोळ्या कुठं ठेवता, दाखवा." आईनं त्या देवघरात ठेवल्या होत्या, देवाच्या पायाशी. डॉक्टरांनी हात जोडले, मग डबा उचलून कपाटात ठेवला. "माय, देवाला राहू द्या तिथं. गोळ्यांना दिव्याची आच लागून राहिली." एकदा ग्वारीघाटावर त्यांना एक म्हातारी पेशंट भेटली. ओंजळीत नर्मदेचं पाणी घेऊन ती तोंडाला लावणार, एवढ्यात हे पुढे झाले. "अम्मा, मैया का जल माथे पे लगाइए. पीना हो तो उबालकर." म्हातारी संतापली. "मैया को उबालें?" डॉक्टर म्हणाले, "मैया तो भाप में भी मैया ही है, अम्मा." तिनं पाणी कपाळाला लावलं. पुढे तीच बाई ही गोष्ट ओपीडीत सगळ्यांना सांगायची.

त्यांची आणखी एक रीत होती. तपासणीला गेलं की आधी अवयव देणाऱ्याला खुर्चीवर बसवायचे. पहिल्यांदा आई दाराशीच थांबली होती. तिला वाटलं, तपासायचं मला आहे. "तुम्ही काहून उभ्या? या, बसा," म्हणून त्यांनी आधी तिचं ब्लडप्रेशर घेतलं, पायावर सूज आहे का ते पाहिलं, झोप लागते का विचारलं. मी बाकावर बसून राहिले. घरी येताना ऑटोत आई म्हणाली, "ऑपरेशन झाल्यापासून मले कोणी विचारलं नव्हतं गं, की तू कशी हाय." आणि पदरानं डोळे पुसले. त्या दिवसापासून डॉक्टर तिच्यासाठी घरचेच झाले.

पेशंट बेफिकीर वागला तरी ते रागावत नसत. यामागे एक घटना होती. डिंडोरीकडच्या एका तरुण शिक्षकाला त्याच्या मोठ्या भावानं किडनी दिली होती. तब्येत छान झाली. मग लग्न ठरलं, आणि घरच्यांनी आजाराची गोष्ट मुलीकडच्यांपासून लपवली. लग्नानंतर तो बायकोच्या नजरेआड, शेताकडे जाऊन गोळ्या घ्यायचा. कधी जमायचं, कधी नाही. घरात पाहुणे असले की मुळीच नाही. किडनी गेली, आणि त्यापाठोपाठ तोही गेला. डॉक्टर त्याच्या गावी जाऊन आले. भावाजवळ नुसते बसून होते म्हणे. परत आल्यावर मला म्हणाले, "गोळी काहून घ्यायची ते मी त्याला शिकवलं. ती लपवायला किती त्रास होते, हे विचारलंच नाही."

त्यानंतर त्यांनी प्रश्न बदलले. आणि ते प्रश्न विचारायला मला बोलावलं. "माझ्यासमोर लोक खोटं बोलतात, पोरी. डॉक्टर आहे ना मी. तू त्यांच्यातली आहेस." शाळा सुटली की मी ओपीडीच्या कोपऱ्यात बसून लोकांशी बोलू लागले. गोळी कोणासमोर घेता? घरात कोणाला ठाऊक आहे? शेजारी विचारतात तेव्हा काय सांगता? हळूहळू चित्र दिसायला लागलं. ज्यांची किडनी लवकर गेली, त्यांतले पुष्कळसे निष्काळजी नव्हतेच. त्यांना उघडपणे गोळी घेता येईल असं घर नव्हतं. डॉक्टरांनी हे नागपूरच्या एका परिषदेत मांडलं, तेव्हा कोणीतरी विचारलं, औषध कोणतं होतं? डॉक्टर म्हणाले, "औषध एकच होतं, साहेब. घरं वेगवेगळी होती." सभागृहात दोनचार जण हसले. डॉक्टर हसले नाहीत.

तरुणपणी कधीतरी एका पेशंटची सुई त्यांच्या बोटात शिरली होती. त्यातून आलेल्या काविळीनं त्यांचं लिव्हर आतून पोखरलं होतं, हे कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. पोट फुगायला लागलं, डोळे पिवळे झाले. दिल्लीच्या डॉक्टरांनी सांगितलं, लिव्हर बदलायला हवं. पत्नी आधीच वारल्या होत्या. एकुलती एक मुलगी, मृदुला, नुकतीच नोकरीला लागली होती. तिनं सांगितलं, माझ्या लिव्हरचा तुकडा घ्या. डॉक्टरांनी साफ नाही म्हटलं.

जन्मभर त्यांनी घराघरांत जाऊन बायाबापड्यांची भीती काढली होती. देणारा मरत नाही, लिव्हर पुन्हा भरून येतं, हे ते कागदावर चित्र काढून समजावायचे. आता तेच मृदुलाला उत्तर देत नव्हते. नातेवाईक बोलून थकले. शेवटी ती आमच्या घरी आली आणि माझ्या आईसमोर रडली. "मावशी, ते माझ्याशी बोलूनच नाही राहिले."

आई दुसऱ्या दिवशी मला घेऊन गेली. डॉक्टर आरामखुर्चीत होते, ओळखू येऊ नयेत इतके वाळलेले. आईनं तब्येत विचारली नाही.

"तुम्ही म्हणता ना, देणाऱ्याले आधी विचारा?"

"म्हणतो."

"मग पोरीले विचारलं का?"

"माय, ते वेगळं आहे."

"काय वेगळं हाय? मी दिली तवा मले कोणी अडवलं नाही. आई हाय म्हणून. पोरगी देऊन राहिली तर तुम्ही अडवता. का? तिचा जीव तुमच्यावर नाही का?"

डॉक्टरांनी नजर खिडकीबाहेर वळवली. मग म्हणाले, "मला भीती वाटते, माय. तिनं द्यावं, आणि मी टिकू नये. मग ती जन्मभर काय करेल?"

"ते तिले करू द्या," आई म्हणाली. "तिनं दिलंच नाही, आन् तुम्ही गेले, तर काय करेल ते बी विचारा."

मृदुला दाराशी उभी होती. डॉक्टरांनी तिला हाक मारली. आम्ही दोघी उठून बाहेर व्हरांड्यात आलो. आत काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही. पुढच्या आठवड्यात ते दोघं दिल्लीला गेले.

ऑपरेशन नीट पार पडलं. मृदुला लवकर सावरली. डॉक्टर घरी आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर कितीतरी वर्षांनी रंग होता. उन्हं कलली की बापलेक सदरच्या रस्त्यानं हळूहळू फिरताना दिसायचे. तीही पोटावर हात ठेवून चालायची आणि तेही. दोघं एकमेकांना चिडवायचे. ती दिवाळी त्यांनी आमच्याकडे केली. आईनं मुद्दाम घरीच केलेला चिवडा त्यांनी मागून घेतला.

थंडीत ताप आला आणि उतरेना. नव्या लिव्हरच्या पित्तनळ्यांत जंतूंनी ठाण मांडलं होतं. दिल्लीच्या चकरा झाल्या, औषधं बदलली. काही उपयोग होईना, हे सगळ्यांच्या आधी त्यांनाच कळलं. एक दिवस त्यांनी मला बोलावून घेतलं. "आपल्या कामातून मला वगळू नको. बरं झालेलेच मोजले तर ते संशोधन नाही. मीही त्यातलाच एक पेशंट आहे. जसं झालं तसं लिही." मी होय म्हटलं. मग म्हणाले, "आणि मृदुलाला कोणी म्हणेल, वाया गेलं. लोक म्हणतात. तेव्हा तुझ्या आईला तिच्याजवळ बसव." फेब्रुवारी सरायच्या आत ते गेले.

अस्थी ग्वारीघाटावर नेल्या. कळवलं मोजक्यांनाच होतं, पण घाटाच्या पायऱ्यांवर कितीतरी माणसं होती. मंडल्याची, कटनीची, सिहोऱ्याची. प्रत्येकाच्या तोंडावर मास्क, आणि प्रत्येकाशेजारी त्याला देणारं माणूस. कोणाची आई, कोणाची बायको, कोणाचा भाऊ. पाण्यात कोणी उतरलं नाही, डॉक्टरांनी सगळ्यांनाच मनाई केली होती. मृदुला एकटीच नावेत बसून गेली आणि परत आली. नावाड्यानं हात देऊन तिला उतरवलं.

डॉक्टरांच्या नात्यातल्या कोणा बाईंनी, वाईट हेतू नसेल त्यांचा, मृदुलाच्या पाठीवर हात ठेवून म्हटलंच, "पोरीनं एवढं केलं, पण शेवटी वाया गेलं." मृदुला तिथून बाजूला झाली. ती येऊन माझ्या आईशेजारी पायरीवर बसली. म्हणाली, "मावशी, बाबांबरोबर माझाही तुकडा जळला ना?"

आईनं होकारार्थी मान हलवली. खोटं सांगणं तिला जमत नसे. मग तिनं मृदुलाच्या पोटावर, जिथं टाके होते तिथं, अलगद हात ठेवला. "पण डॉक्टर म्हणत, ते भरून येते. परवा पोटाचा फोटो काढला ना तुझा? आलं का भरून?"

"लिव्हर आलं, मावशी," मृदुला म्हणाली.

 आईनं हात तसाच राहू दिला. ऊन पायऱ्यांवर चढेपर्यंत आम्ही तिघी तिथंच बसून होतो.